एक पेन्सिल कमी

एअर विंगच्या कॅडेटला भेटेल तो एकच विचारतो, "मग, विमानात बसलीस का?"

माझ्या वेळी आजी विचारायची, शेजारच्या काकू विचारायच्या, वर्गातली मुलं विचारायची. आता माझ्या भाचीला विचारतात. ती नववीत आहे. तिच्या शाळेत एनसीसीची, म्हणजे राष्ट्रीय छात्र सेनेची, एअर विंग (हवाई शाखा) आहे. तिने नाव दिलं, निवड झाली, आणि गेले सहा महिने परेडच्या आदल्या रात्री ती स्वतःचा युनिफॉर्म स्वतः इस्त्री करते, बूट चकचकीत करते. हा प्रश्न आला की मात्र जरा वेळ गप्प होते. सहा महिन्यांत तिने विमानाला हातही लावलेला नाही. हात लागलाय तो बाल्साच्या लाकडाला, सँडपेपरला आणि फेव्हिकॉलला.

मला या प्रश्नाचं उत्तर देता येतं. हो, बसले. पंधरा मिनिटं. पण एअर विंगचा विषय निघाला की मला आठवते ती त्या पंधरा मिनिटांच्या दोन दिवस आधीची सकाळ, आणि त्या सकाळी मी जमिनीवरच होते. तिथे पोचायला थोडा वेळ लागेल, कारण आधी लाकूड येतं.

बाल्सा पहिल्यांदा हातात घेतलं की फसल्यासारखं वाटतं. लाकडाची फळी उचलायची म्हणून हात सवयीने जोर लावतो आणि फळी नुसती वर येते. दक्षिण अमेरिकेतलं हे झाड भराभर वाढतं. त्याचं वाळलेलं लाकूड घनमीटरला साधारण दीडशे किलो भरतं, सागवान त्याच्या चौपट. नखाने दाबलं तरी खड्डा पडतो. अशा लाकडाचं विमान करायचं तर हाताला आधी हळू व्हायला शिकावं लागतं, आणि चौदाव्या वर्षी हात हळू नसतात.

चक ग्लायडर म्हणजे हाताने फेकायचं विमान. इंजिन नाही, रबर नाही. एक दांडी, एक पंख, मागे छोटी शेपटी. पंखाची वरची बाजू घासून घासून फुगीर करायची, मागची कड कागदासारखी पातळ. पंख सपाट चिकटवायचा नाही, दोन्ही टोकं जरा उचललेली ठेवायची. मग हवेत एका बाजूला कललं तरी ते आपलं आपण सावरतं. सगळं झालं की नाकाला वाटाण्याएवढी माती लावायची आणि मैदानावर जायचं. नाक हलकं असेल तर विमान वर चढतं, थबकतं, धप्पकन खाली येतं, पुन्हा चढतं. नाक जड असेल तर सरळ जमिनीत घुसतं. चिमूटभर माती वाढवायची, चिमूटभर काढायची, पुन्हा फेकायचं. वर चढून थबकणं म्हणजे स्टॉल. पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातला कोन साधारण पंधरा अंशांच्या पुढे गेला की पंखावरची हवा त्याला चिकटून वाहायचं सोडते. हे आम्हाला वर्गात फळ्यावर आकृती काढून शिकवलं, पण त्याच्या आधीच आमच्या मनगटांना ते माहीत झालं होतं. ज्या दिवशी माझं विमान हातातून सुटून न उसळता, न बुडता, एका मोठ्या वळणावर तरंगत गेलं आणि गवतावर पोट टेकून थांबलं, त्या दिवशी मी त्याच्यामागे धावलेसुद्धा नाही. उभी राहून बघत राहिले.

पुढे कंट्रोल लाइनची मॉडेल्स आली. दोन बारीक तारा, हातात मूठ, तारेच्या टोकाला गरगरणारं विमान, आणि मधोमध त्याच्याबरोबर फिरणारे आपण. इंजिन चिमुकलं, पण त्याच्या इंधनात इथर, रॉकेल आणि एरंडेल तेल. तो वास कपड्यांना लागला की दोन धुण्यांत जात नाही. पंखा बोटाने फिरवून इंजिन चालू करताना बोट वेळेवर मागे घ्यावं लागतं. माझ्या उजव्या तर्जनीवर अजून खूण आहे.

या वर्कशॉपमधली एक गोष्ट मला फार उशिरा कळली. तिथे मॉडेल तुटणं रोजचंच होतं. कोणाचं तरी पंखात मोडायचं, कोणाचं शेपटीत. शाळेत काही मोडलं की पहिला प्रश्न असतो, "कोणी केलं?" एरोमॉडेलिंग शिकवणारे आमचे सर तुकडे टेबलावर मांडून विचारायचे, "काय झालं?" दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकच माणूस देणार असतो, पण दुसऱ्या प्रश्नाला तो खरं सांगतो.

थोडा इतिहास सांगते, कारण भाचीला तो आवडला होता. एनसीसी १९४८ च्या कायद्याने उभी राहिली. तिची शिफारस पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या समितीने केली होती. एअर विंग १ एप्रिल १९५० ची, मुंबईत एक स्क्वाड्रन आणि कोलकात्यात एक. ब्रिटनमधलं एअर ट्रेनिंग कोअर १९४१ साली निघालं, कॅनडातले एअर कॅडेट्सही त्याच वर्षीचे. तेव्हा युद्ध पेटलेलं होतं आणि वैमानिक हवे होते. आपली एअर विंग निघाली तेव्हा देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूकसुद्धा व्हायची होती. हातात पैसा नाही, फाळणीच्या जखमा ओल्या, आणि तरी कोणाला तरी वाटलं की पोरांना विमानाची ओळख करून द्यावी. मला हे फार मोठं वाटतं. मुंबईचं नाव त्यात असणंही जुळून येतं. १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून टपाल घेऊन जे. आर. डी. टाटा आपल्या पस मॉथ विमानातून मुंबईत जुहूलाच उतरले होते.

आणि ही ओळख फुकट आहे, हे ठासून सांगायला हवं. आपल्याकडे सोळाव्या वर्षी विद्यार्थी वैमानिकाचा परवाना निघतो. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचं उड्डाण लागतं. कायद्याची दारं उघडी आहेत, पण त्या २०० तासांचा हिशोब लाखांत जातो आणि बहुतेक घरांत तो विषय तिथेच संपतो. एनसीसीला फी नाही. आमच्या तुकडीत रिक्षाचालकाची मुलगी होती, डॉक्टरांची होती, आणि दोघींना एकाच रंगाचा निळसर युनिफॉर्म होता. माझी खंत एवढीच की एअर विंगची युनिट थोडी आहेत. बहुतेक शाळा-कॉलेजांत आर्मी विंग असते. लहान गावातल्या मुलीला विमानाचं कितीही वेड असलं तरी जवळ एअर विंग नसेल तर तिने काय करायचं? आणि जिथे एअर विंग आहे तिथेही काही ठिकाणी वर्षभर नुसती परेड चालते, बाल्साच्या फळ्या कपाटात राहतात. असं पाहिलं की मला मनापासून वाईट वाटतं.

परेडला नावं ठेवत नाही मी. 'सावधान', 'विश्राम', 'दाहिने मुड', 'तेज चल', 'थम'. सुरुवातीला कंटाळा येतो, नंतर तीस जणांची टाच एकाच वेळी जमिनीला लागते तेव्हा अंगावर काटा येतो. बावीस बोअरच्या रायफलने पहिल्यांदा नेम धरला तेव्हा श्वास सोडताना मधेच एक जागा सापडते, जिथे हात हलत नाही, हे कळलं. त्या जागेचा उपयोग मला पुढे परीक्षेत झाला, इंटरव्ह्यूत झाला, आईच्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्याच्या बाकावर झाला.

आता ती सकाळ.

मी अकरावीत, सीनियर विंगमध्ये. दहा दिवसांचा कॅम्प, आणि जवळच्या हवाई पट्टीवर एनसीसीचं दोन आसनांचं मायक्रोलाइट. छोट्या मोटारीपेक्षाही हलकं. म्हणूनच ते पहाटे उडवायचं. ऊन चढलं की जमीन तापते, गरम हवा वर उसळते, वारा सुटतो, आणि एवढ्याशा विमानाला ते झेपत नाही. यादीत आम्ही बारा मुली होतो. रोज जेमतेम चार-पाच जणींचा नंबर लागायचा.

अंधारातच आम्ही पट्टीवर हजर. पहिलं काम चालायचं. सगळ्यांनी एका ओळीत, हाताच्या अंतरावर उभं राहून, खाली बघत पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं. खडा, खिळा, तारेचा तुकडा, बाटलीचं बूच, जे दिसेल ते उचलायचं. टायर फाटू शकतो, दगड उडून पंख्याला लागू शकतो. मग विमानाभोवती फेरी. बिजागऱ्या, नटबोल्ट, टायर. टाकीच्या तळातून थोडं इंधन काचेच्या भांड्यात काढून उजेडाकडे धरायचं. पाणी इंधनापेक्षा जड, त्यामुळे टाकीत पाण्याचा थेंब असेल तर तो तळाशी वेगळा चमकतो. ते भांडं धरायचा मान रोज एका कॅडेटला मिळायचा आणि त्यासाठी आम्ही अक्षरशः भांडायचो.

त्या दिवशी उड्डाण सुरू होण्याआधी आम्हा पाच जणींना एकेक करून कॉकपिटमध्ये बसवलं, इंजिन बंद ठेवून. हे एअरस्पीड, हे उंची दाखवणारं, ही विमान हाकायची स्टिक, पायाशी रडरची, म्हणजे शेपटीच्या सुकाणूची, पेडलं. आत जाण्याआधी ताकीद मिळाली होती: खिसे रिकामे करा. पेन, नाणं, क्लिप, काहीही सुटं आत न्यायचं नाही. सुटी वस्तू स्टिकच्या किंवा पेडलच्या मुळाशी जाऊन अडकली तर विमान वळणार नाही. मी खिसे रिकामे केले. केले असं मला वाटलं.

उतरून बाजूला आले. यादीत पहिलं नाव माझ्या तंबूतल्या मैत्रिणीचं होतं. ती आत बसली, पट्टे आवळले गेले, पंखा फिरायला लागला. मी नोंद करायला वही उघडली, छातीच्या खिशाला हात लावला, आणि पेन्सिल नव्हती.

सकाळी घेतली होती का? आठवेना. रोज घेते, म्हणजे आजही घेतलीच असणार. खिसे रिकामे करताना काढून ठेवली का? बाजूच्या बाकावर तर दिसत नव्हती. पट्टीवर वाकले तेव्हा पडली असेल? माझं मन एकेक सोयीचं कारण माझ्यासमोर ठेवत होतं. बोटभर तर पेन्सिल. सगळ्यांसमोर शोभा होईल. आणि आत ती बसलीय, चार दिवस वाट बघून.

मी किती वेळ उभी होते सांगता येणार नाही, दहा सेकंद असतील. मग शेजारच्या इन्स्ट्रक्टरांना म्हणाले, "सर, मेरी पेन्सिल नहीं मिल रही."

त्यांनी मला काही विचारलं नाही. हात वर करून खूण केली आणि इंजिन बंद झालं.

मैत्रिणीला उतरवलं. सीटच्या गाद्या बाहेर आल्या. बॅटरी घेऊन दोघं जण आत वाकले. चाळीस मिनिटं शोधलं. पट्टीवर आम्ही पुन्हा चालत गेलो. शेवटी एका कॅडेटला तंबूकडे पिटाळलं, आणि तो पळत परत आला तेव्हा त्याच्या हातात माझी पेन्सिल होती. उशीखाली होती. तोवर वारा दाखवणारा कापडी विंडसॉक फुगून पट्टीला आडवा उभा राहिला होता. त्या दिवशीचं उड्डाण बंद झालं. पाच जणींची पाळी गेली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. फॉल इन झाल्यावर, म्हणजे आम्ही रांगेत उभे राहिल्यावर, अधिकारी समोर आले. मान वर करायची हिंमत नव्हती. ते म्हणाले, "पेन्सिल तंबू में थी. फिर भी आज सबसे सही काम इसी कॅडेट ने किया है. कल किसी की चीज सचमुच अंदर होगी. तब भी बताना." एवढंच. पुन्हा तो विषय काढला नाही, कोणाला काढूही दिला नाही.

मैत्रीण दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या म्हणाली, "मी असते तर गप्प बसले असते. पेन्सिल आत असती तर तू मला वाचवलं असतंस. नव्हती, म्हणून माझं विमान गेलं. दोन्ही खरंय. थोडे दिवस मला रागावू दे." मी बरं म्हणाले. तिच्या रागात मला काही चुकीचं दिसलं नाही, आजही दिसत नाही.

मधल्या काळात या विषयावर मी बरंच वाचलं. २५ जुलै २००० ला पॅरिसहून निघालेलं कॉन्कॉर्ड कोसळलं आणि ११३ माणसं गेली. आधीच्या एका विमानातून धावपट्टीवर पडलेली, हातभरही नसलेली धातूची पट्टी त्याच्या टायरखाली आली होती, असं चौकशीत निघालं. अमेरिकेत १९७६ पासून एक व्यवस्था आहे. वैमानिक, हवाई वाहतूक नियंत्रक, मेकॅनिक, कोणीही आपल्या हातून झालेली किंवा होता होता राहिलेली चूक तिथे लिहून पाठवायची. नाव गुप्त राहतं. ती चालवते नासा, परवाने देणारं-काढून घेणारं खातं नव्हे, म्हणून लोक लिहितात. विमानप्रवास आज इतका सुरक्षित आहे त्यात इंजिनांचा वाटा आहे, रडारचा आहे, आणि "माझ्याकडून हे झालं" असं वेळेवर म्हणणाऱ्या हजारो माणसांचाही आहे.

पौगंडावस्थेतल्या मुलांसाठी विमानातलं काही असेल तर मला हे सगळ्यात मोलाचं वाटतं. त्या वयात सगळीकडे चूक लपवण्याचंच शिक्षण मिळतं. मार्क कापले जातात, घरी बोलणी बसतात, मित्र हसतात. सोळा वर्षांच्या मुलीने एक शब्द उच्चारला आणि मोठ्या माणसांनी चालतं इंजिन बंद केलं, तिची उलटतपासणी न घेता. तिचा शब्द एवढा मोठा असू शकतो हे तिला त्याआधी कोणी दाखवलंच नव्हतं.

उड्डाणाबद्दल मी फार सांगू शकत नाही. दोन दिवसांनी माझा नंबर आला. चाकांची खडखड एकाएकी थांबली आणि कळलं की जमीन सुटली. शेतांवरून आमची सावली पळत होती, ओढ्यापाशी जरा वाकडी झाली आणि पुढे गेली. वर इन्स्ट्रक्टरांनी स्टिक माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "हलका हाथ." दोन बोटं पुरतात. बाल्सा घासणाऱ्या हाताला ते लगेच समजलं.

संधींबद्दल पालक विचारतात म्हणून थोडक्यात सांगते. शाळेत दोन वर्षं केली की 'ए' सर्टिफिकेटची परीक्षा, कॉलेजात 'बी' आणि 'सी'. 'सी' असलेल्या एअर विंग कॅडेटला हवाई दलात अधिकारी होण्यासाठी वेगळी वाट आहे: एएफकॅटची लेखी परीक्षा न देता थेट निवड मंडळापुढे जाता येतं. तिथली कसोटी मात्र सगळ्यांना सारखीच आणि कडक. देशभरातल्या एअर विंग कॅडेट्सचा वायु सैनिक कॅम्प असतो, तिथे एरोमॉडेलिंग, नेमबाजी, ड्रिल यांच्या स्पर्धा होतात. जानेवारीत दिल्लीचा प्रजासत्ताक दिन कॅम्प असतो. परदेशच्या कॅडेट्सबरोबर देवाणघेवाणीचा कार्यक्रमही आहे. मुलींनी तर बिचकूच नये. १९८५ साली कोलकाता ते सिलचर विमान कॅप्टन सौदामिनी देशमुख आणि त्यांच्या सहवैमानिक निवेदिता भसीन या दोघींनी नेलं, त्याला आता सुमारे चाळीस वर्षं झाली. २०१६ पासून हवाई दलाची लढाऊ विमानंही मुली उडवतात.

पण त्या कॅम्पमधल्या आम्हा सगळ्यांत वैमानिक एकच झाली. एकजण विमानांच्या देखभालीत आहे. एकजण शेती करतो, आणि फवारणीच्या दिवशी अजून मूठभर माती हवेत सोडून वारा बघतो. मी हिशोबतपासनीस आहे. आकडा चुकला की पहिल्यांदा "काय झालं?" विचारते, आणि माझ्या हाताखालची पोरं खरं सांगतात.

गेल्या रविवारी भाची आली होती. माझ्या जुन्या ट्रंकेतून तिने कॅम्पची वही शोधून काढली. तिच्या स्पायरलला एक मळका दोरा बांधलेला आहे आणि दोऱ्याच्या टोकाला पेन्सिलीचा तुकडा.

"मावशी, हे काय?"

मी तिला सगळं सांगितलं, इथे लिहिलंय तसंच. ती बाल्साच्या पंखाची कड घासत ऐकत होती. माझ्या उड्डाणापाशी आले तेव्हाही तिने मान वर केली नाही. सगळं संपल्यावर घासायचं थांबवून म्हणाली, "मग तुझ्या मैत्रिणीला मिळालं का विमान?"

"त्या कॅम्पमध्ये नाही."

तिने पंख डोळ्यांसमोर आडवा धरला, एक डोळा मिटून कड बघितली, आणि पुन्हा घासायला लागली.